स्टार्टअपची टीम कशी बांधावी: पहिल्या भागीदारापासून पहिल्या मॅनेजरपर्यंत

स्टार्टअपमधल्या माणसांच्या कटकटी मुळाशी जाऊन पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सापडते: जे सुरुवातीलाच बोलायला हवं होतं ते कुणी बोललंच नाही. कुणाचा हिस्सा किती, शेवटचा शब्द कुणाचा, या पदावरच्या माणसाकडून नेमकं काय हवं, काम जमत नाहीये हे त्याला कोण सांगणार. सगळे खुशीत असतात तेव्हा हे विषय काढणं जिवावर येतं, आणि वाद पेटल्यावर काढले तर प्रत्येक वाक्याचा वेगळाच अर्थ घेतला जातो. म्हणून या लेखातल्या बहुतेक पायऱ्या फिरून तिथेच येतात: अवघड बोलणं लवकर उरका आणि ठरलेलं कागदावर ठेवा. हुशार माणसं मिळवणं हा त्यानंतरचा भाग.

लेख पहिल्यांदाच कंपनी काढणाऱ्यांसाठी आहे. एक-दोन संस्थापक आहेत, हाताशी थोडं भांडवल आहे आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत पंधरा-वीस जणांपर्यंत जायचं आहे, असं गृहीत धरलंय. कामगार कायदे, कर, नोटीस पिरियड यांचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे कोणत्याही करारावर सही करण्याआधी तो तिथल्या वकिलाला दाखवून घ्याच.

पायरी 1: आधी संस्थापकांनी आपसात बसावं

हिस्सा अर्धा-अर्धा वाटण्यात काही चूक नाही. चूक आहे ती "आपण काय परके आहोत का" म्हणत पाच मिनिटांत वाटून मोकळं होण्यात. त्याऐवजी प्रत्येक संस्थापकाने एकट्याने बसून काही प्रश्नांची उत्तरं लिहावीत. हातातली नोकरी कधी सोडणार? पगाराशिवाय किती महिने निभावू शकतो? स्वतःचा किती पैसा घालणार, आणि तो भांडवल म्हणून की कंपनीला दिलेलं कर्ज म्हणून? कंपनी विकत घ्यायला कुणी आलं तर कोणत्या टप्प्यावर हो म्हणेन? घरची अडचण आली आणि वर्षभर थांबावं लागलं तर काय? मग कागदांची अदलाबदल करा. उत्तरं जिथे जुळत नाहीत तिथेच तुमची खरी चर्चा आहे. एकाला दहा वर्षं कंपनी चालवायची आहे आणि दुसऱ्याला तीन वर्षांत विकून मोकळं व्हायचं आहे, हे आजच कळलेलं बरं.

हिस्सा ठरला तरी तो पहिल्याच दिवशी पूर्ण हातात पडता कामा नये. त्यासाठी व्हेस्टिंग असतं: कामाचा काळ जाईल तसा हिस्सा थोडा थोडा पक्का होत जातो. सगळ्यात रुळलेली पद्धत चार वर्षांची, आणि त्यातलं पहिलं वर्ष क्लिफ. वर्ष पूर्ण होण्याआधी माणूस गेला तर त्याला काहीच मिळत नाही. वर्ष भरलं की एकदम पाव भाग पक्का होतो आणि पुढे दर महिन्याला 48 वा भाग. समजा दोघांचे 50-50 टक्के आहेत आणि एक जण 18 महिन्यांनी बाहेर पडला. व्हेस्टिंग नसेल तर तो निम्मी कंपनी घेऊन जातो, आणि मागे राहिलेला माणूस पुढची कित्येक वर्षं त्याच्या वाट्यासाठीही राबत राहतो. हिस्स्यांची अशी वाटणी पाहून नवे गुंतवणूकदारही मागे सरतात. व्हेस्टिंग असेल तर 48 पैकी 18 महिन्यांचा हिशेब होतो: जाणाऱ्याकडे 18.75 टक्के राहतात आणि उरलेले 31.25 टक्के कंपनीकडे परत येतात. कुणावर अन्याय नाही, आणि भांडायला काही उरत नाही.

सारखा हिस्सा असलेल्या दोघांचं अडलं तर गाठ कोण सोडवणार, हेही लिहा. 1976 मध्ये ॲपल सुरू झाली तेव्हा स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझनियाक यांचे 45-45 टक्के होते आणि उरलेले 10 टक्के रोनाल्ड वेन यांचे. दोघांत मतभेद झाले तर पारडं कोणत्या बाजूला झुकवायचं हे वेन ठरवणार, अशी ती सोय होती. वेन मात्र बारा दिवसांतच बाहेर पडले, कारण ती साधी भागीदारी होती आणि धंदा बुडाला तर देणी भागीदारांच्या अंगावर येणार होती. या एका उदाहरणातून दोन कामं कळतात: तिढा सोडवण्याची वाट आधी ठरवा, आणि प्रत्येकाची वैयक्तिक जबाबदारी कुठवर आहे तेही समजून घ्या. माझ्या मते तिसऱ्या माणसापेक्षा क्षेत्रवार वाटणी जास्त चांगली चालते. प्रॉडक्टचा शेवटचा शब्द एकाचा, पैसा आणि विक्रीचा दुसऱ्याचा. दुसऱ्याने मत जरूर द्यावं, पण निर्णय झाला की तो दोघांचा.

आणखी एक कागद हमखास राहून जातो. संस्थापकांनी आणि बाहेरून काम करून देणाऱ्यांनी लिहिलेला कोड, डिझाइन, मजकूर हे सगळं कंपनीच्या मालकीचं आहे, असा करार. मैत्रीखातर कुणी लोगो करून दिला असेल तरी त्याच्याकडूनही तो घ्या.

पायरी 2: माणूस शोधण्याआधी काम मोजा

"फार काम आहे, कुणाला तरी घेऊ" ही भावना खरी असते, पण तिच्यावरून माणूस घेता येत नाही. दोन आठवडे संस्थापकांनी आपण कशावर किती तास घालवले ते लिहावं. शेवटी त्यातल्या प्रत्येक कामासमोर एक खूण करा: हे बंदच करता येईल, हे एखाद्या तयार सॉफ्टवेअरवर सोपवता येईल, हे महिन्यातून चार दिवस येणारा माणूस करू शकेल, आणि हे रोज करायला कायमचाच माणूस लागेल. हिशेबनीस, वकील, कधीतरी लागणारा डिझायनर हे बहुधा तिसऱ्या गटात जातात. ग्राहकांशी बोलणं आणि मुख्य प्रॉडक्ट बनवणं मात्र बाहेर देऊ नका. आणि सुरुवातीची विक्री संस्थापकांनी स्वतःच करावी. आपला माल कोण का घेतं हे तुम्हालाच माहीत नसेल तर विक्रेत्याला तुम्ही सांगणार काय?

पैशाचा हिशेब इथेच घाला. बँकेतली रक्कम भागिले महिन्याचा निव्वळ खर्च, म्हणजे तुमच्याकडे उरलेले महिने. 12 महिने उरले असतील आणि नव्या माणसामुळे खर्च 20 टक्क्यांनी वाढणार असेल, तर ते 10 होतात. या माणसामुळे त्या 10 महिन्यांत असं काय घडेल जे एरवी 12 मध्येही घडलं नसतं? याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नसेल तर थोडं थांबा.

पायरी 3: पदाचा कागद लिहा

जाहिरात लिहिण्याआधी स्वतःसाठी एक पान लिहा. "अनुभवी, उत्साही, दबावाखाली काम करू शकणारा सेल्स मॅनेजर हवा" या वाक्यात उपयोगाचं काहीच नाही, कारण स्वतःला आळशी म्हणवणारा उमेदवार कुणी पाहिलेला नाही. विशेषणं काढून टाका आणि त्या जागी निकाल लिहा:

"पहिल्या 30 दिवसांत: सध्याच्या सगळ्या ग्राहकांशी बोलून, ते आपल्याकडे का आले आणि जे गेले ते का गेले, याचं टिपण. 90 दिवसांत: संस्थापक सोबत नसताना स्वतः मिळवलेले पाच ग्राहक. सहा महिन्यांत: दुसऱ्या विक्रेत्याला शिकवता येईल अशी विक्रीची लिहिलेली पद्धत."

एवढं लिहितानाच लक्षात येतं की तुम्हाला मॅनेजर नकोच आहे. स्वतः फोन उचलणारा विक्रेता हवाय. मोठ्या कंपनीत तीस जणांची टीम सांभाळलेला माणूस इथे घुसमटेल, आणि त्याचा पगार तुम्हाला घुसमटवेल. हा कागद सगळ्या संस्थापकांनी वाचून मान्य केल्याशिवाय एकही सीव्ही उघडू नका. पुढे इंटरव्ह्यू, पहिल्या 90 दिवसांचा आढावा, आणि वेळ आलीच तर निरोपाचं बोलणं, हे सगळं याच कागदावर उभं राहतं.

पायरी 4: शोध

पहिले चार-पाच जण बहुतेकदा ओळखीतून मिळतात, आणि ते ठीकच आहे: ज्याच्यासोबत आधी काम केलंय त्याच्याबद्दल इंटरव्ह्यूमधून कळेल त्यापेक्षा पुष्कळ जास्त तुम्हाला ठाऊक असतं. पण ओळखीतून येणारी माणसं आपल्यासारखीच असतात. एकाच कॉलेजचे, एकाच जुन्या कंपनीतले सहा जण जमले की सातव्याला परकं वाटायला लागतं आणि सहाही जणांना एकच चूक दिसेनाशी होते. तिसऱ्या-चौथ्या माणसापासूनच निम्मे उमेदवार तरी ओळखीबाहेरचे असावेत, असा नियम ठेवा.

पायरी 5: इंटरव्ह्यू, म्हणजे गप्पा नव्हेत

समोरचा माणूस आवडणं आणि त्याला काम येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मोकळ्या गप्पांमध्ये आपण पहिलीलाच दुसरी समजून बसतो. यावर भरपूर संशोधन आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये निवड-पद्धतींवरच्या 85 वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि ठरलेल्या प्रश्नांचा इंटरव्ह्यू यांवरून पुढच्या कामगिरीचा चांगला अंदाज येतो, आणि नुसत्या अनुभवाच्या वर्षांवरून फारच थोडा, असं त्यातून दिसलं. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्या आकडेमोडीतल्या त्रुटी दुरुस्त केल्या. बरेच आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांचा इंटरव्ह्यू पहिल्या जागेवर आला.

म्हणजे करायचं काय, तर पदाच्या कागदावरून पाच-सहा प्रश्न काढा आणि ते प्रत्येक उमेदवाराला त्याच क्रमाने विचारा. "तुमची बलस्थानं कोणती" असले प्रश्न नकोत. "ग्राहक सोडून चालला होता आणि तुम्ही तो थांबवलात, असा एखादा प्रसंग सांगा" अशा धर्तीचे हवेत. इंटरव्ह्यू घेणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येक उत्तराला 1 ते 5 गुण द्यायचे, आणि आपसात एक शब्दही बोलण्याआधी ते लिहून ठेवायचे. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा. संस्थापकाने आधी "मला तर आवडला बुवा" म्हटलं की बाकीच्यांचे तीन गुण आपोआप चार होतात.

खरी माहिती मिळते ती उपप्रश्नांतून. उमेदवार म्हणतो, "आम्ही ॲपचा वेग दुपटीने वाढवला."
"छान. त्यात तुमच्या हातून काय झालं?"
"डेटाबेसचा भाग माझ्याकडे होता."
"सगळ्यात हळू काय चालत होतं? आणि ते कसं शोधलंत?"

ज्याने काम केलंय तो इथे खुलतो. मोजमाप कुठून घेतलं, आधी कोणता उपाय करून पाहिला, तो का फसला, हे न विचारता सांगतो. ज्याने काम होताना फक्त पाहिलंय तो पुन्हा "आम्ही"वर येतो. तिसऱ्या उपप्रश्नापर्यंत थांबायची सवय लावून घ्या. पहिल्या उत्तरावर समाधान मानणारे फसतात.

कामाचा नमुना दोन-तीन तासांत होईल एवढाच असावा, आणि तो तुम्ही आधीच सोडवलेल्या प्रश्नावर असावा. म्हणजे तुलनेला तुमच्याकडे उत्तर असतं आणि उमेदवाराला फुकट राबवून घेतल्यासारखं वाटत नाही. त्याहून मोठं काम द्यायचं असेल तर त्याचे पैसे द्या. काम हातात आल्यावर अर्धा तास त्यावर बोला: हे असं का केलं, अजून एक दिवस मिळाला असता तर काय बदललं असतं? सूचना केल्यावर माणूस ती तपासून पाहतो, लगेच मान तुकवतो, की चिडतो? रोजच्या कामात तो असाच वागणार आहे.

रेफरन्ससाठी फोन कराच. "कसा माणूस आहे?" याला सगळे "चांगला" म्हणतात. त्याऐवजी विचारा, "त्याच्याकडून उत्तम काम करून घ्यायचं तर मी काय सांभाळायला हवं?" आणि मग, "संधी मिळाली तर तुम्ही त्याला पुन्हा घ्याल का?" दुसऱ्या प्रश्नाचं "नक्कीच" आणि "हो, म्हणजे कामावर अवलंबून आहे" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळं करूनही मन "बघू, जमेल" अशा जागी अडकलं असेल तर नाही म्हणा. आठ जणांच्या टीममध्ये एक माणूस म्हणजे आठवा हिस्सा.

पायरी 6: ऑफर देताना पूर्ण चित्र दाखवा

पगार मोठ्या कंपनीइतका देता येत नसेल तर ते सरळ सांगा, आणि शेअर किंवा ऑप्शन देणार असाल तर ते नीट समजावून द्या. "10,000 ऑप्शन" हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. कंपनीचे एकूण शेअर 1 कोटी असतील तर तो 0.1 टक्का झाला, 10 लाख असतील तर 1 टक्का. म्हणून टक्केवारी सांगा. पुढे नवी गुंतवणूक येऊन नवे शेअर काढून गुंतवणूकदाराला कंपनीचा 20 टक्के हिस्सा दिला गेला की हा 1 टक्का 0.8 होतो, हेही सांगा. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क. शेअर घ्यायला पैसे भरावे लागतात, आणि नोकरी सोडल्यावर तो हक्क वापरायची मुदत बऱ्याच कंपन्यांत अवघी 90 दिवसांची असते. अनेकांना ही मुदत राजीनामा दिल्यानंतर कळते, आणि ते वाईट आहे. याचं मोल शून्यही होऊ शकतं, त्यामुळे घरखर्च पगारावर भागणार असेल तरच या, असं बोलणाऱ्या संस्थापकावर माणसं जास्त विश्वास ठेवतात.

पगार ठरवताना एकच कसोटी लावा: उद्या सगळ्यांचे पगार सगळ्यांना कळले, तर प्रत्येक फरकाचं कारण तुम्ही नजरेला नजर देऊन सांगू शकाल का?

पायरी 7: पहिले 90 दिवस

नवा माणूस येण्याच्या आदल्या दिवशी त्याचा लॅपटॉप, ईमेल आणि लागणारे पासवर्ड तयार असू द्या. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून एखादं छोटं, पण पूर्ण झालेलं काम बाहेर पडू द्या: कोडमधली एक दुरुस्ती, एका ग्राहकाला दिलेलं उत्तर. पहिल्या महिन्यात, मग पद कोणतंही असो, त्याला निदान दोन-तीन ग्राहकांचे फोन ऐकवा. शंका विचारायला एक ठरलेला माणूस द्या, शक्यतो त्याचा बॉस नव्हे. आणि पदाचा तो कागद 30, 60 आणि 90 व्या दिवशी दोघांनी समोर घेऊन बसा. काही जमत नसेल तर ते 30 व्या दिवशीच दिसतं. अडचण एवढीच की बोलणं आपण 90 व्या दिवसावर ढकलतो.

पायरी 8: आठवड्याची घडी

पाच जणांत दोघा-दोघांच्या जोड्या 10 होतात, दहा जणांत 45, पंधरा जणांत 105. माणसं तिप्पट झाली, पण एकमेकांना सांगायच्या गोष्टी दसपटीहून जास्त वाढल्या. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी आयबीएमच्या एका प्रचंड सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अनुभवावरून 1975 मध्ये मांडलं, की रखडलेल्या प्रकल्पात माणसं ओतली की तो आणखी रखडतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो. तेव्हा डेडलाइन चुकायला लागली की आधी काम कमी करता येतं का ते पाहा.

ग्रुपवर सतत बोलत राहण्याने ही गुंतागुंत सुटत नाही, थोड्या ठरलेल्या सवयींनी सुटते. आठवड्याच्या सुरुवातीला अर्धा तास: या आठवड्यात कोण काय संपवणार. शेवटी अर्धा तास: काय संपलं, ते एकमेकांना दाखवायचं. प्रत्येक कामाला एकच धनी असावा. ॲपलमध्ये प्रत्येक कामासमोर थेट जबाबदार असलेल्या एकाच व्यक्तीचं नाव असतं, तसं. "आपण बघू" असं मीटिंगमध्ये ऐकू आलं की तिथल्या तिथे विचारा, आपण म्हणजे कोण?

निर्णयांची एक नोंदवही ठेवा, प्रत्येक निर्णयाला चार-पाच ओळी: काय ठरलं, का ठरलं, कोणी ठरवलं, पुन्हा कधी तपासायचं. सहा महिन्यांनी आलेला माणूस ती वाचून दोन दिवसांत कंपनी समजून घेतो. कोणत्या निर्णयाला किती वेळ द्यायचा यासाठी जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या 2015 च्या पत्रातला भेद उपयोगी पडतो: काही निर्णय मागे फिरवता येतात, काही येत नाहीत. मागे फिरवता येणारे निर्णय कामाच्या जवळच्या माणसाला लगेच घेऊ द्या. न फिरवता येणाऱ्यांवर रात्रभर विचार करा.

दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी अर्धा तास वन-ऑन-वन, म्हणजे फक्त दोघांतली मीटिंग, हवीच. इंटेलचे अँडी ग्रोव्ह सांगत की ही मीटिंग हाताखालच्या माणसाची आहे. विषय त्याने आणायचे. कामाची प्रगती विचारण्यात हा वेळ घालवू नका, ती लिहून कळवता येते. "सध्या कशामुळे अडतंय?" एवढं विचारून गप्प बसा. पहिली दोन मिनिटं अवघड जातात, मग बोलणं सुरू होतं. आणि काहीही झालं तरी ही मीटिंग ऐन वेळी रद्द करू नका. संस्थापकाने सलग तीनदा रद्द केली की माणूस समजायचं ते समजतो.

पायरी 9: वाईट बातमी वर येऊ द्या

एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीमच्या नावावर औषधांच्या चुका कमी असतील असं वाटत होतं. नोंदी उलट निघाल्या: चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. तिथे चुका बोलून दाखवल्या जात होत्या, बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या. पुढे गुगलने 2012 पासून आपल्या 180 हून अधिक टीमचा अभ्यास केला. त्यातही टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती माणसं एकमेकांशी कशी वागतात हे जास्त मोलाचं ठरलं, आणि न घाबरता बोलता येणं सगळ्यात वर आलं.

हे भिंतीवर तक्ते लावून येत नाही. कुणी येऊन "माझ्याकडून डेटा उडाला" असं सांगतो, त्यानंतरचं तुमचं पहिलं वाक्य सगळी टीम लक्षात ठेवते. "लगेच सांगितलंस ते बरं केलंस. आता आधी काय वाचवायचं?" असं ते असावं. काम सावरल्यावर बसून शोधा, की एका माणसाच्या एका क्लिकने डेटा उडू शकतो अशी व्यवस्था कशी राहिली, बॅकअप कधीचा होता, आणि काय बदललं की हे पुन्हा होणार नाही.

बोलता येणं म्हणजे मात्र सगळं गोड बोलणं नव्हे. फीडबॅक द्यायलाच हवा, आणि तो स्वभावावर नको, घडलेल्या गोष्टीवर हवा. "तू जरा जबाबदारीने वाग" याचं ऐकणारा काहीच करू शकत नाही. हे पाहा:

"मंगळवारी दुपारी ग्राहकाला डिझाइन द्यायचं होतं, ते बुधवारी गेलं. आणि उशीर झाल्याचं मला ग्राहकाच्या फोनवरून कळलं. उशीर होणार हे तुझ्या कधी लक्षात आलं?"
"सोमवारीच. पण तू दिवसभर मीटिंगमध्ये होतास."
"मग आपण असं ठरवू. उशीर दिसला की त्याच तासाला ग्रुपवर एक ओळ टाकायची. मी मीटिंगमध्ये असलो तरी. चालेल?"

इथे बेजबाबदारपणा नव्हताच, निरोप पोचवायची वाट नव्हती. तारीख, घटना, परिणाम आणि मग प्रश्न, या क्रमाने गेलं की अशी खरी अडचण हाती लागते. असं बोलणं दोन दिवसांच्या आत, दोघांतच व्हावं. कौतुकही याच नेमकेपणाने करा. "मस्त काम" यापेक्षा "त्या ग्राहकाला तू सविस्तर उत्तर लिहिलंस म्हणून तो थांबला" हे माणसाला दिशा देतं.

पायरी 10: निरोप द्यायची वेळ

नीट निवडूनही काही वेळा जमत नाही. आधी स्वतःला विचारा: काय हवंय हे त्याला स्पष्ट सांगितलं होतं का, लागणारी साधनं आणि वेळ दिला होता का, कमी पडतंय हे तोंडावर बोललो होतो का? एकाचंही उत्तर नाही असेल तर आधी ते करा. तिन्ही हो असतील तर चार ते सहा आठवड्यांची लेखी मुदत द्या, त्यात मोजता येणारी दोन-तीन उद्दिष्टं ठेवा आणि दर आठवड्याला भेटा. ही मुदत प्रामाणिक असावी. आधीच मन बनवून नुसता कागद रंगवणार असाल तर दोघांचाही वेळ घालवू नका.

निरोपाच्या दिवशी बोलणं दहा मिनिटांत संपवा. निर्णय पहिल्या दोन वाक्यांत सांगा, वाद घालू नका, पुढचे पैसे, तारखा आणि अनुभवपत्र यांचा कागद हातात द्या. त्याच दिवशी टीमला सांगा, जाणाऱ्याची अब्रू सांभाळून: कोण जातंय, त्याचं काम आता कोणाकडे. राहिलेली माणसं याच दिवशी ठरवतात की आपल्यावर वेळ आली तर इथे आपल्याशी कसं वागतील.

हुशार पण सगळ्यांना तोडून बोलणारा माणूस ही यातली सगळ्यात कठीण गोष्ट. आकडे त्याच्या बाजूने असतात. पण त्याच्यामुळे गप्प झालेल्या चार जणांचं न झालेलं काम कुठल्याच आकड्यात दिसत नाही. त्याच्याशीही घटनेवर बोला, मुदत द्या, आणि वागणं बदललं नाही तर जाऊ द्या.

पायरी 11: पहिला मॅनेजर

एका माणसाला सात-आठ जणांपलीकडे नीट लक्ष देता येत नाही. टीम त्या आकड्याजवळ आली की मधली फळी लागते, आणि तिथे सगळ्यात चांगल्या इंजिनिअरला मॅनेजर करायचा मोह होतो. त्यात एक चांगला इंजिनिअर जातो आणि मॅनेजर मिळेलच याची खात्री नसते. मॅनेजर होण्याची आवड आधीच दिसते: नव्याला कोण शिकवतं, दुसऱ्याचं काम अडलं की कोण उठून जातं, मीटिंगमध्ये गप्प बसलेल्याला कोण विचारतं. असं कुणी दिसलं की आधी दोन-तीन जणांची जबाबदारी द्या, सहा महिन्यांसाठी. पगारवाढ आणि मान मिळवायला माणसं सांभाळण्याची गरज पडू नये, म्हणून उत्तम कारागिरालाही मॅनेजरइतकाच पगार मिळेल अशी वेगळी शिडी ठेवा.

याच टप्प्यावर "आता मोठ्या कंपनीसारखं वागू" म्हणत सगळं एकदम बदलायची घाई होते. जेम्स बॅरन आणि मायकेल हॅनन यांनी 1990 च्या दशकात सिलिकॉन व्हॅलीतल्या जवळपास 200 नव्या कंपन्यांचा माग घेतला होता. संस्थापकांनी माणसं घेण्याची आणि सांभाळण्याची जी रीत सुरुवातीला घातली ती पुढे खोलवर टिकून राहिली, आणि मधेच ती रीत बदलणाऱ्या कंपन्यांत माणसं जास्त सोडून गेली, बुडण्याचा धोकाही वाढला. पहिल्या दहा जणांशी तुम्ही कसं वागता यावर पुढची शंभर माणसं कशी वागतील हे ठरतं, ते या अर्थाने. बदल करावेच लागतात, पण ते एकेक करून, कारण सांगून करा.

नव्या मॅनेजरला सहा महिन्यांनी विचारा, हे काम आवडतंय का? "नाही, मला परत कोड लिहायचाय" असं उत्तर आलं तर पगार न कापता त्याला परत जाऊ द्या, आणि ते सगळ्यांसमोर सन्मानाने सांगा. म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारलं, तर तो न घाबरता हो किंवा नाही म्हणेल.